फ्रिजमागचे देव

तट्ट्याच्या आड बानाबाई दुधाची कासांडी धरून उभी होती, आणि अंगणात दोघे सख्खे भाऊ देवांवरनं भांडत होते.

मेंढरं वाटून झाली होती. कोरडवाहू तुकडा वाटून झाला होता. घोंगड्या, कुत्री, भांडीकुंडी, सगळ्याचा हिशेब मिटला होता. राहिले होते ते देवाचे टाक. चांदीचे, अंगठ्याच्या पेराएवढे. खंडोबा, बिरोबा, भवानी आणि त्या घरातलाच कुणी जुना वीर. लाल फडक्यात बांधून पितळी डब्यात ठेवलेले.

थोरला कडुबा म्हणाला, "देव माझ्याकडं ऱ्हातील. मी घर बांधलंय. पत्र्याचं का व्हईना, पर घर हाय. ह्या आप्पाचं काय? आज ह्या रानात, उद्या त्या रानात. देव काय ह्याच्या घोड्यावर लादून हिंडवायचे?"

आप्पा म्हणजे बानाबाईचा नवरा. तो म्हणाला, "आजवर घोड्यावरच हिंडले की. कधी तक्रार आली का त्यांची तुझ्याकडं?"

"लई शाना!"

तेवढ्यात खाटेवरनं सासूचा, आवडाबाईचा आवाज आला. "देव बानाबाईकडं जातील."

"ते का म्हणून?"

"ती धूती म्हणून. तुझ्या बायकूनं शेवटचे कधी धुतले, जा, आत जाऊन ईचारून ये."

कडुबा काही विचारायला गेला नाही. पागोटं झटकून उठला आणि म्हणाला, "न्या. पर येक दिवस हरवून बसशीला. मग माझ्या दारात येऊ नका."

आता माणसं भांडणात काय काय बोलतात. बोलणारा दुसऱ्या दिवशी विसरतो. पण आडून ऐकणारीला ते विसरता येत नाही. बानाबाईनं त्या दिवसापासून डबा कधी नजरेआड केला नाही. रोज पाणी, रोज हळद, दसऱ्याला चिंच लावून लख्ख धुणं. सासू गेली, केस पिकले, पण त्यात खंड नाही.

हे सगळं पाचोडकडचं. पुढं झालं असं, की जिथं मेंढरं चरायची तिथं चुन्याच्या रेघा पडायला लागल्या. मेंढरं घेऊन जावं तर रानात दगड रोवलेले, प्लॉट नंबर अमुक, प्लॉट नंबर तमुक. आप्पानं दोनचार वर्षं कड काढली. मग मेंढरं विकली आणि रेघा मारणाऱ्यालाच विचारलं, "साहेब, राखणीला माणूस लागतंय का?"

लागत होतंच. तेव्हापासून दोघं संभाजीनगरात बिल्डिंगी राखतात. आप्पा राखण करतो, बानाबाई स्लॅबला, भिंतींना पाणी मारते. राहायचं तिथंच. आधी खाली पत्र्यात. मग वर छप्पर पडलं की वरच्या खोलीत. दारं बसली की पुन्हा खाली पार्किंगमध्ये. आणि मालक मंडळी राहायला आली, की गाठोडं बांधून पुढच्या बिल्डिंगीला. गारखेड्यात, सातारा परिसरात, चिकलठाण्याकडं, किती घरांत पहिली चूल तिनं पेटवली याची घरमालकांना वार्ताही नाही. त्यांना वाटतं आपण दूध उतू घातलं तीच पहिली आच. वाटू द्या.

घरं सोडताना बानाबाई कधी रडली नाही. डबा काखेत आहे म्हटल्यावर रडायचं कशाला?

मग ते पडेगावच्या रस्त्यावरच्या लॉजवर आले. छावणी मागं टाकली की डाव्या हाताला तो लॉज. एके काळी वेरूळ बघायला निघालेली माणसं तिथं उतरायची. नंतर मोठी हॉटेलं झाली, लॉज ओस पडला, आणि एका शेठनं तो घेऊन त्याचे फ्लॅट करायला काढले. दोन खोल्यांमधली भिंत पाडली की एक फ्लॅट. एक खोली बसायला, दुसरीचं स्वयंपाकघर. नाव दिलं 'चांदणी हाइट्स'. हाइट तीन मजल्यांची! फ्लॅट घेणारे पाहुण्यांना पत्ता सांगताना लॉजचं नाव घ्यायचे नाहीत, आणि रिक्षावाल्याला लॉजचं नाव घेतल्याशिवाय कळायचं नाही.

कधी कधी तिन्हीसांजेला एखादा थकलेला माणूस बॅग घेऊन दारात यायचा. "मावशी, रूम मिळेल का?"

"मिळंल की," बानाबाई म्हणायची. "पर जन्मभर राहावं लागंल."

तिथं तिला आणि आप्पाला तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली. त्या लॉजच्या प्रत्येक खोलीला व्हरांड्याच्या बाजूनं हातभर खिडकी होती, पोऱ्यानं चहा आत सरकवायला. कोपऱ्यातल्या खोलीची खिडकी पूर्वेला. कुणाचा पाय लागायचा नाही अशी उंच. बानाबाईनं ती पुसली, फडकं अंथरलं आणि डबा तिथं ठेवला. इतकी चांगली जागा देवांना आजवर मिळाली नव्हती.

भादव्यात चुलतसासरा वारला. निरोप आला तशी दोघं पाचोडला गेली. आता सुतकात देवाला हात लावायचा नाही, हे काय सांगायला पाहिजे? निरोप कानावर पडला तेव्हापासूनच तिचा हात बंद झाला. डबा तसाच खिडकीत राहिला. खोलीला अजून दार बसलं नव्हतं, म्हणजे कुलपाचाही प्रश्न नाही. खालूनच हात जोडून ती गाडीत बसली.

चार दिवसांनी गवंड्याचा, बद्रीनाथचा फोन आला. "बानामावशी, त्या खिडकीतलं सामान काढा. उद्या बुजवायचीय. फरशीवाला येऊन बसलाय."

"ते सामान नाय बाबा, देव हायेत."

"मग देव काढा."

"मला सुतक हाय. हात लावता येत नाय."

"मग मी काढून ठेवतो."

बानाबाईच्या डोळ्यांपुढं बद्रीनाथचे हात आले. त्यातली बिडी आली. त्याची ती पिशवी आली, जिच्यात करणी, ओळंबा आणि जेवणाचा डबा एकत्र नांदायचे. ती घाबरून म्हणाली, "नगं नगं! लई कडक देव हायेत. मागं येका परक्यानं हात लावला, तर सा म्हैने त्याचा हात वर व्हईना."

असं कधीच काही झालं नव्हतं. आयत्या वेळी सुचलं, बोलून गेली.

"मग करू काय मी?"

"काय बी करा, पर हात लावू नका. म्या आले की काढीन."

बद्रीनाथ बिचारा देवभोळा माणूस. एकीकडं मुकादम डोक्यावर बसलेला, दुसरीकडं सहा महिने वर न होणारा हात. त्यानं बाईचा शब्द जसाच्या तसा पाळला. देवाला हात लावला नाही. आजूबाजूनं विटा लावल्या.

तेरावं उरकून बानाबाई आली, धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर गेली, आणि बघते तर खिडकीच नाही. खोलीचं स्वयंपाकघर झालेलं, भिंत नुसती गुळगुळीत. खालपासून वरपर्यंत पांढरी फरशी, तिच्यावर मधे मधे कपबशीचं चित्र.

बद्रीनाथ जालन्याच्या कामावर गेला होता. फोनवर म्हणाला, "मावशी, देवाशप्पथ, मी बोट लावलं नाही."

"आरं पर भिंत लावलीस की!"

"तुम्हीच म्हणालात, काय बी करा."

मुकादमापाशी नुसता विषय काढला तर तो म्हणाला, ही खोली गिऱ्हाईकाला दाखवायची आहे, एक फरशी हलली तर गाठोडं बांधा, आणि पुढच्या बिल्डिंगीचंही विसरा.

ती आप्पाकडं येऊन बसली. आप्पानं सगळं ऐकून घेतलं. "भिंतीतच हायेत ना? मग बरंय. चोर न्यायचा नाय, उंदीर न्यायचा नाय."

"अवो, पर त्यास्नी पाणी कोण घालील?"

"तू येवढं पाणी मारतीस भिंतीला. थोडं मुरंल की आत."

तिनं आप्पाकडं असं बघितलं, की तो उठून गेटवर जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून बानाबाईच्या जीवाला थारा नाही. बसली की उठायची, उठली की जिन्याकडं जायची. रात्री कूस बदलून बदलून आप्पाची झोप मोडायची. नवरात्र आलं, घट बसवला तो नुसत्या सुपारीवर. दसरा आला. साऱ्या जगाचे देव धुवून निघाले, तिचे सिमेंटात बसून राहिले. आणि कानात कडुबाचं ते बोलणं.

दिवाळीच्या पाडव्याला त्या फ्लॅटात मंजुषा आणि तिचा नवरा सुदर्शन राहायला आले. पैठणकडची शेतकरी घरची माणसं, नोकरीपायी शहरात आलेली. सामानात एक मोठा फ्रिज होता, उंटासारखा. मंजुषानं सगळं स्वयंपाकघर फिरून बघितलं आणि तो नेमका त्याच भिंतीला लावला.

रोज सकाळी सगळ्या मजल्यांवरच्या कचऱ्याच्या बादल्या घंटागाडीत रिकाम्या करायचं काम बानाबाईकडंच होतं. पण बाकीच्या फ्लॅटांतल्या बायका तिला धुण्याभांड्याचं विचारायच्या, तेव्हा ती म्हणायची, गुडघे दुखतात, परत परत जिना होत नाही. मंजुषाला मात्र तिनंच जाऊन विचारलं. तिसरा मजला! दुसऱ्या मजल्यावरची बाई दारात उभी राहून म्हणाली, "का हो मावशी, गुडघे माझ्या दारापर्यंतच दुखतात का?" बानाबाईनं पदर खोचला. ती पुढचा जिना चढली.

रोज आत आली की आधी ती फ्रिजपुढं उभी राहायची. हात जोडायची, डोळे मिटायची, फ्रिजच्या दाराला हळूच कपाळ टेकायची. मग भांड्यांना हात.

मंजुषानं एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. तिला वाटलं, भूक असेल, तोंडानं मागवत नसेल. ती फ्रिज उघडायची आणि काही ना काही हातावर ठेवायची. "घ्या मावशी, सकाळचंच आहे." कधी शिऱ्याची वाटी, कधी अर्धं सफरचंद. बानाबाई ते प्रसाद म्हणून घ्यायची, डोक्याला लावायची. मंजुषाला वाटायचं, काय बाई गरिबी ही.

असं चाललं असतंही. पण माघात वाळूजला कामाला असलेल्या मुलाचं, अजिनाथचं लग्न ठरलं. प्रांजली नावाची मुलगी, विहामांडव्याकडची. आणि कडुबाचा फोन आला.

"पोराला हळद लागायच्या आधी देवाला लागती, ठाऊक हाय ना?"

"व्हय भावजी."

"देव पाटावर मांडून ठेवा. मी सोता येऊन बघणार हाय. लई दिस झाले दर्शन नाय."

फोन ठेवला आणि बानाबाई तशीच वर गेली. फ्रिजला हातही न जोडता ओट्यापाशी खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. सुतक, खिडकी, बद्रीनाथ, विटा. काही म्हणून मागं ठेवलं नाही.

मंजुषानं आधी फ्रिजकडं बघितलं. मग पायातली चप्पल काढून बाहेर टाकली. "अगंबाई! आणि मी इतके दिवस..." असं म्हणत तिनं भिंतीला हात जोडले. आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. "तरीच!"

"काय तरीच?"

"मावशी, लग्न झाल्यापासून आम्ही भाड्याची घरं बदलतोय. कुठं पाण्यावरून भांडण, कुठं मालकाची कटकट. सामान पुरतं उघडलंच नाही कधी. इथं आलो आणि पहिल्यांदा मला रात्रभर झोप लागली. ह्यांची चिडचिड गेली. मी म्हणायचे, काय आहे या घरात?" तिनं भिंतीवर तळवा ठेवला. "आणि आता तुम्ही म्हणता, काढायचे?"

"ताई, देव माझे हायेत."

"भिंत माझी आहे, मावशी."

फ्रिज तेवढा घरघरत राहिला. बानाबाई उठली, भांडी घासली आणि खाली आली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. हातात झाडू घ्यायची आणि कुठं झाडायचं ते विसरायची. आप्पा म्हणाला, "सराफाकडनं नवे टाक करून आणू. कडुबाला काय कळतंय?"

"त्या वीराचं नाक झिजलंय सासूबाईच्या बोटांनी. ते सराफ झिजवून देतो का?"

हळद जवळ येत होती. बानाबाईच्या मनात काय काय यायचं. ताई बाजारात गेली की आत शिरावं, छिन्नी मारावी. मग तिची तीच म्हणायची, दुसऱ्याच्या भिंतीवर छिन्नी? राखण करणाऱ्याच्या बायकोनं?

एका रविवारी सकाळी मंजुषानं गॅलरीतून हाक मारली. "मावशी, जरा वर या."

वर गेली तर ओट्यावर मटणाची काळी पिशवी, गाठ न सोडलेली. मंजुषा ओट्यापासून चार हात लांब उभी.

"मावशी, खरं सांगा. तुमच्या देवांना मटण चालतं का? ह्यांनी आणलंय. तुम्ही सांगितल्यापासून मी अंडंसुद्धा शिजवलेलं नाही. हे रोज ताट बघून तोंड वाकडं करतात."

बानाबाईच्या जिभेवर 'नाय' आलं होतं. एक शब्द टाकला असता, की देव तिचे. मटणावाचून सुदर्शन किती दिवस काढणार होता? पण फ्रिजमागं बसलेल्यांच्या समोर त्यांच्याबद्दल खोटं कसं बोलायचं? एकदा बोलून बघितलं होतं, त्याचं फळ समोर उभं होतं, कपबशीच्या फरशीत.

"चालतं ताई," ती म्हणाली. "बिरोबाला तर बोकडच लागतो. करा खुशाल. चांगलं झणझणीत करा."

मंजुषाचा जीव भांड्यात पडला. "बघा, मी ह्यांना म्हणतच होते! मग आता काही अडचणच नाही. राहू द्या इथंच."

बानाबाई ओट्यापाशी गेली. पिशवीची गाठ सोडून दिली, मटण धुवायला घेतलं. धुता धुता तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या खाण्यानं त्यांचं काय बिघडत नाय, ताई. त्यांची आंघोळ ऱ्हायलीय, तेवढंच."

"म्हणजे?"

"भादव्यापास्नं पाणी नाय. हळद नाय. आत तसंच बसल्यात."

"दसऱ्याला?" मंजुषानं विचारलं. तिच्या सासरी, पैठणकडं, दसऱ्याला देव धुवायचे तर घरातली सून पहाटे उठून चिंच भिजवायची. ती सून म्हणजे तीच. "दसऱ्यालासुद्धा नाही?"

"नाय."

मंजुषानं त्या कपबश्यांकडं बघितलं. मग पुढं झाली, फ्रिजचं बटण बंद केलं आणि म्हणाली, "धरा तिकडून."

"आवं ताई, पर सायबांना..."

"त्यांना मी बघते. तुम्ही तुमचा गवंडी बोलवा. ज्यानं बुजवलं त्यानंच उघडायचं."

बद्रीनाथ जालन्याहून आला, पण दारातच अडला. "फोडतो मी. काढायचं मात्र तुमचं तुम्ही."

"काढते बाबा. तू फोड."

पहिली फरशी तडकली तेव्हा मंजुषानं डोळे मिटून घेतले. दुसरी निघाली. विटा निघाल्या. आणि आत, भुरकट धुळीत, पितळी डबा. त्याच्यापुढं एक सुपारी आणि खडीसाखरेचे दोन खडे.

"हे कुणी ठेवलं?"

बद्रीनाथ खाली बघत म्हणाला, "रिकाम्या हातानं कसं बुजवायचं, मावशी?"

बानाबाईनं डबा उचलला, पण उघडवेना. शेवटी मंजुषानं झाकण धरलं आणि दोघींनी मिळून काढलं. लाल फडकं कोरडं ठणठणीत. आत सगळे होते. वीराचं नाक होतं तितकंच झिजलेलं होतं.

त्याच ओट्यावर, मंजुषाच्या ताम्हणात, चिंच आणि कोमट पाणी घेऊन बानाबाईनं देव धुतले. मंजुषानं हळद लावली. पाणी गॅलरीतल्या तुळशीला घातलं. रविवारचं मटण त्या दिवशी तिन्हीसांजेला शिजलं, आणि सुदर्शन भिंतीतलं भोक बघून "हे काय?" म्हणाला, तर मंजुषानं आधी त्याच्या ताटात रस्सा वाढला आणि मग सांगितलं.

ते भोक तिनं बुजवू दिलं नाही. बद्रीनाथकडून कडेनं गिलावा करून घेतला आणि सासरहून आणलेली आपली अन्नपूर्णा तिथं बसवली. फ्रिजला मग जागाच राहिली नाही. तो हॉलमध्ये गेला, सोफ्याशेजारी. आल्यागेल्याला तिथूनच पाणी.

हळदीच्या दिवशी पार्किंगमध्ये मांडव घातला. कडुबा आला, पाटासमोर मांडी घालून बसला. एकेक टाक उचलून, उलटा करून, उजेडात धरून बघितला. मग नाकाला लावला.

"बानाबाई, देवाला सिमिटाचा वास येतोय."

बानाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. "येणारच की भावजी. शेरात राहत्यात आता. मधी काही म्हैने पक्क्या घरात होते. फ्लॅटात. पूर्वेकडं तोंड करून."

"कुणाच्या फ्लॅटात?"

"ते बी सांगते. आधी हळद लावा, पोरगं कवाचं बसलंय."

कडुबानं तिच्याकडं बघितलं, आप्पाकडं बघितलं. आप्पा मांडवाचा खांब धरून आढ्याकडं बघत होता. मग म्हाताऱ्यानं बोट हळदीत बुडवलं आणि वीराच्या कपाळाला टेकवलं.

लग्न झालं. अजिनाथ आणि प्रांजली वाळूजला भाड्याच्या खोलीत गेले. चांदणी हाइट्सचे सगळे फ्लॅट भरले, आणि शेठचा निरोप आला की बीड बायपासच्या पलीकडं नवीन काम निघालंय, अजून नुसते खांब आहेत, पण राखणीला माणूस पाहिजे.

सकाळीच टेम्पो आला. खाट, चूल, पाण्याचं पिंप, दोन गाठोडी. सामान चढवायला मंजुषाही खाली आली. डबा बानाबाईनं गाठोड्यात घातला नाही. खाटेवर ठेवला नाही. सीटवरही ठेवला नाही. काखेत धरून उभी होती, आणि एका हातानंच कामं चालली होती.

"अगं, ठेव की तो जरा," आप्पा म्हणाला.

"आता नाय ठेवत कुठं."

तेवढ्यात घंटागाडी आली. गाणं वाजवत गेटाशी थांबली. टेम्पोवाल्यानं गाडी सुरू केली होती. "मावशी, चला आता! पुढं बायपासला गर्दी होते."

बानाबाईनं डबा आप्पाच्या दोन्ही हातांत दिला. "धरून बसा. खाली ठेवाल तर बघा." आणि ती जिन्याकडं वळली.

"अगं, आज कशाला? आता त्यांचं ते बघतील!"

तिला ऐकू गेलं नाही, का गेलं, कोण जाणे. पहिल्या मजल्यावरच्या बादल्या घेतल्या, दुसऱ्यावरच्या घेतल्या, तिसऱ्यावर जाऊन मंजुषाच्या दारातली घेतली. खाली येऊन ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, गाडीत टाकला. नळाशी बसून एकेक बादली खळखळून धुतली. मग पुन्हा वर गेली, ज्याची त्याच्या दारात पालथी घातली, आणि पदराला हात पुसत जिना उतरायला लागली.